स्तूपाची खाण आणि क्रीटचा झोर्बा

ग्रीसच्या नकाशात पेलोपोनीसचा आकार हाताच्या पंजासारखा दिसतो. त्याचे मधले बोट म्हणजे मानी. कालामाता शहरातून या बोटाच्या पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेकडे निघाले की डावीकडे ताइगेतोस पर्वताची भिंत आणि उजवीकडे मेसिनियाचे आखात अशी वाट लागते. याच वाटेवर स्तूपा हे सुट्टीचे गाव आहे. मराठी कानाला हे नाव ऐकून भलताच भास होतो, पण आपल्या स्तूपाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. गावापाशी वाळूची दोन सुरेख पुळणे आहेत. त्यांपैकी कालोग्रियाच्या पुळणीवर पर्वतातून जमिनीखालून आलेले गोडे पाणी समुद्रातच उसळून वर येते. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात पोहणाऱ्याच्या अंगाला एका हाताला कोमट आणि दुसऱ्या हाताला बर्फासारखे पाणी लागते. येणारे बहुतेक लोक एवढ्यावर तृप्त असतात, आणि त्यात गैर काही नाही.

साहित्याच्या वाचकाला मात्र या पुळणीवर आणखी एक गोष्ट शोधता येते. १९१७ साली निकोस काझानझाकिस इथे एका झोपडीत राहत होता आणि जवळच्या प्रास्तोवा येथे लिग्नाइटची खाण चालवत होता. महायुद्ध चालू होते. दोस्त राष्ट्रांनी राजनिष्ठ ग्रीसची सागरी नाकेबंदी केल्यामुळे कोळशाचा तुटवडा पडला होता. अशा वेळी हलक्या प्रतीच्या कोळशालाही भाव येतो, म्हणून हा उद्योग. कामावर देखरेख करायला त्याने एक अनुभवी खाणकामगार सोबत आणला होता. त्याचे नाव योर्गोस झोर्बास. उद्योग बुडाला. माणूस मात्र उरला आणि पुढे १९४६ साली कादंबरी होऊन प्रसिद्ध झाला. (खऱ्या माणसाला आम्ही झोर्बास म्हणतो आणि पात्राला झोर्बा. कादंबरीत त्याचे पाळण्यातले नावही बदलून आलेक्सिस झाले आहे.)

कादंबरीत स्तूपा कुठेच नाही. खाण, पुळण, झोपडी हे सारे लेखकाने उचलून क्रीट बेटावर नेले. १९६४ साली मायकेल काकोयानिसने चित्रपट काढला तोही क्रीटमध्येच. खान्याजवळच्या स्तावरोस येथील पुळणीवर अँथनी क्वीन नाचला आणि मिकिस थिओडोराकिसच्या संगीतावर त्या चित्रपटासाठी बसवलेला 'सिर्ताकी' जगभर ग्रीसचे प्राचीन लोकनृत्य म्हणून खपू लागला. तेव्हापासून झोर्बाचा शोध घेणारा प्रवासी क्रीटला जातो, आणि जिथे प्रत्यक्ष कुदळी चालल्या तिथे लेखकाच्या एका स्मारकापुढे घटकाभर थांबून लोक पोहायला उतरतात.

हे स्थलांतर केवळ लेखकाच्या जन्मभूमीच्या ओढीने झाले, असे सहसा सांगितले जाते. आम्हाला ते अपुरे वाटते. कादंबरीतली मादाम ओर्तान्स आठवावी. चार आरमारांचे चार अ‍ॅडमिरल आपल्या प्रेमात कसे पडले होते, हे ती म्हातारपणी रंगवून सांगते. ही इंग्रज, फ्रेंच, इटालियन आणि रशियन आरमारे १८९७ च्या उठावाच्या वेळी क्रीटच्या पाण्यात उभी होती. मानीच्या किनाऱ्यावर हे पात्र जन्मालाच येऊ शकले नसते. विधवेच्या हत्येचे तसे नाही. मानीतही सूडाची वैरे पिढ्यान्‌पिढ्या चालत. तिथले दगडी मनोरे त्याचीच साक्ष देतात. क्रौर्य दोन्हीकडे मिळाले असते, अ‍ॅडमिरल मात्र एकीकडेच होते.

पण याहून मोठी अदलाबदल दुसरीच आहे, आणि वर्गात ही कादंबरी शिकवताना ती नेमकी निसटते. कादंबरीतला निवेदक पुस्तकातला किडा आहे. त्याचा मित्र स्तावरिदाकिस कॉकेशसमधील संकटात सापडलेल्या ग्रीकांना सोडवायला निघून जातो, आणि हा मागे राहून बुद्धावर लिहीत बसतो. एकीकडे कृती आणि दुसरीकडे शब्द, असा हा उभा छेद आहे. वस्तुतः १९१९ साली ग्रीक सरकारने कॉकेशसमधील सुमारे दीड लाख ग्रीकांच्या स्थलांतराची जबाबदारी टाकली होती ती खुद्द काझानझाकिसवर. तो तिकडे गेला. सोबत ज्यांना नेले त्यांत स्तावरिदाकिस होता, आणि योर्गोस झोर्बासही होता! म्हणजे खाणीनंतरचे सर्वांत मोठे काम या दोघांनी मिळून केले, आणि कादंबरीत त्यातला वाटा दोघांपैकी एकालाही दिला नाही. आपल्या हातून घडलेली कृती लेखकाने मित्राच्या पदरात टाकली आणि स्वतःकडे फक्त संकोच ठेवला.

आपण विद्यार्थ्यांना ही कादंबरी 'लेखकाचा कबुलीजबाब' म्हणून वाचायला देतो. आम्हीही दिली आहे. आणि त्या वाचनातून शब्दांविषयीचा एक न्यूनगंड नकळत त्यांच्या माथी मारला आहे: लिहिणारा तो दुबळा, नाचणारा तो खरा. आपल्याकडे तर या मांडणीला आणखी एक वळण मिळाले. पुण्यात ओशोंनी 'झोर्बा द बुद्ध' ही जोडी लोकप्रिय केली. तिथे दोघांचा मिलाफ अभिप्रेत असला तरी दोन टोके कादंबरीतलीच गृहीत धरलेली आहेत. प्रास्तोवाची खाण आणि कॉकेशसची मोहीम एकत्र ठेवून पाहिली की ती टोके लेखकाने रचलेली आहेत हे दिसते. ज्याने झोर्बाला घडवले तो हिशेब ठेवणारा, मजूर लावणारा, निर्वासितांना मार्गी लावणारा गृहस्थ होता. अर्थात यामुळे कादंबरी लहान होत नाही. कबुलीजबाब नसून ती रचना आहे, एवढेच कळते.

स्तूपाला मुक्काम असेल तर उत्तरेला काही किलोमीटरवरचे कार्दामिली चुकवू नये. 'इलियड'मध्ये रुसलेल्या अकिलीसला आगामेम्नॉन जी सात नगरे देऊ करतो, त्यांत याचे नाव पहिले आहे. जुन्या वस्तीतला मुर्त्झिनोस घराण्याचा मनोरा पाहावा. १८२१ च्या आरंभी कोलोकोत्रोनिस या घराण्याच्या आश्रयाला होता आणि त्याच वर्षी २३ मार्चला कालामाता स्वतंत्र झाले. गावाबाहेर कालामित्सीला पॅट्रिक ली फर्मरने बांधलेले घर आहे. ते त्याने बेनाकी संग्रहालयाला दिले. गंमत अशी की फर्मरचा प्रवास काझानझाकिसच्या नेमका उलट झाला. त्याचा पराक्रम, १९४४ मध्ये जर्मन जनरल क्राइपेचे अपहरण, क्रीटवर घडला, आणि लिहायला तो मानीत येऊन राहिला.

झोर्बास मात्र यांपैकी कुठेच विसावला नाही. उत्तरेकडे खाणींच्याच मागे जात तो स्कोप्ये भागात पोचला आणि १९४१ साली तिथेच वारला. ग्रीसवर तेव्हा जर्मनांचा कब्जा होता. एजिना बेटावर उपासमारीच्या त्या दिवसांत काझानझाकिस त्याच्यावर लिहायला बसला, आणि पुळणीवरची ती झोपडी त्याने समुद्रापलीकडे नेऊन उभी केली.