शेवंती की गुल-ए-दाऊदी?

शाळेत मी उर्दूही शिकवते आणि मराठीही. गेल्या वर्षी फुलांची नावे फळ्यावर लिहिताना ‘शेवंती’समोर ‘गुल-ए-दाऊदी’ लिहिले. मागच्या बाकावरून एकाने विचारले, “मॅडम, यातले आपले नाव कोणते?” वर्ग हसला. मला हसू आले नाही. ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ हा हिशेब आता फुलांपर्यंत आला होता. त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही.

घरी येऊन वाचत बसले. हे फूल मुळात चीनचे. कवी ताओ युआनमिंग (इ.स. 365–427) सरकारी चाकरी सोडून गावी शेती करू लागला, आणि शेवंती कायमची त्याच्या नावाशी जोडली गेली. चांद्र वर्षातल्या नवव्या महिन्याच्या नवव्या दिवशी चीनमध्ये आजही शेवंती पाहायला लोक बाहेर पडतात. जपानमध्ये सोळा पाकळ्यांची शेवंती सम्राटाची मुद्रा झाली. युरोपात लिनियसने 1753 मध्ये ग्रीक शब्दांवरून ‘सोनफूल’ अशा अर्थाचे नाव वापरले. फारसीने तिला हजरत दाऊद (अ.स.) यांचे नाव दिले आणि तेच उर्दूत आले. म्हणजे जिथे गेली, तिथल्या माणसांनी तिला आपल्या जिभेवरचे नाव दिले.

माझ्या अंगणातली शेवंती मात्र रुसली होती. दिवाळी उलटली तरी कळी नाही. खतपाणी करून थकले. शेवटी दोष माझाच निघाला: दारावरचा दिवा रात्रभर कुंडीवर पडत होता. काही झाडे दिवस-रात्रीच्या लांबीवरून फुलण्याची वेळ ओळखतात, हे गार्नर आणि अॅलार्ड यांनी 1920 मध्ये अमेरिकेत तंबाखू आणि सोयाबीनवरच्या प्रयोगांतून मांडले. शेवंती त्यातलीच. रात्री लांबल्या की ती कळ्या धरते. मध्येच उजेड पडला तर रात्र लहानच आहे असे समजते.

यंदा कुंडी मागच्या भिंतीशी, अंधारात ठेवली. ती पिवळ्या फुलांनी भरून गेली. थोडी फुले वर्गात नेली आणि त्या मुलाला म्हटले, “बेटा, फूल दूरच्या देशातून आले. इथे दोन भाषांनी त्याला घरचे नाव दिले. तू दोन्ही भाषा शिकतोस, तर दोन्ही नावे तुझीच.”

तो जरा थांबला आणि म्हणाला, “मॅडम, मला एक रोप मिळेल?”

बहर संपला की झाड छाटेन. बुडाशी फुटवे येतील. पहिला त्याचाच.