ययाति (कादंबरी)

ययाति : वि. स. खांडेकर (11 जानेवारी 1898 – 2 सप्टेंबर 1976) यांची पौराणिक कथेवर आधारलेली मराठी कादंबरी. प्रथम प्रकाशन 1959. तिला 1960 चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. 1974 चे ज्ञानपीठही तिलाच लाभले आणि खांडेकर हा मान मिळवणारे पहिले मराठी लेखक ठरले. हस्तिनापूरच्या राजघराण्यातील भोगलालसा, स्वार्थ आणि दांपत्यातील प्रतारणा हा तिचा विषय आहे.

आधार व बदल : मूळ कथा महाभारताच्या आदिपर्वात आहे. कच शुक्राचार्यांकडून संजीवनी विद्या मिळवतो, पण गुरुकन्या देवयानीला नाकारतो. पुढे देवयानी राजा ययातीची राणी होते आणि दैत्यराज वृषपर्व्याची मुलगी शर्मिष्ठा तिची दासी म्हणून सोबत येते. मूळ कथेतून कच लवकरच निघून जातो. खांडेकरांनी मात्र त्याला अखेरपर्यंत ठेवले आणि संयमाचा प्रतिनिधी केले. मूळ कथेत शापाने म्हातारा झालेला ययाति मुलाकडून उसने घेतलेले तारुण्य हजार वर्षे भोगतो. कादंबरीत तो काळ आवरून पश्चात्ताप अलीकडे आणला आहे.

कथनपद्धती : ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने प्रथमपुरुषी निवेदन करतात. त्यामुळे एकच प्रसंग तीन बाजूंनी समोर येतो. प्रत्येक जण आपल्या वागण्याचे समर्थन करत असतो आणि ते समर्थनच त्याला उघडे पाडते.

स्वार्थाची परंपरा : या घराण्यातील आपमतलबीपणा ययातीपासून सुरू होत नाही. पिता नहुष इंद्रपद मिळताच इंद्राणीची अभिलाषा धरतो, ऋषींना पालखीला जुंपतो आणि शापित होतो. थोरला मुलगा यति राजवाडा सोडून वैराग्याच्या टोकाला जातो. रूप ओसरेल आणि पती दुरावेल या धास्तीने आई तान्ह्या ययातीला अंगावर पाजत नाही. ते काम कलिका दासीकडे जाते. पुढे कलिकेचीच मुलगी अलका तरुण राजपुत्राच्या प्रेमात पडते आणि राजमातेच्या कारस्थानाने जिवाला मुकते. पतीच्या बेइमानीची धास्ती बाळगणारी ही स्त्री मुलाच्या सुखाची किंमत दासीच्या मुलीकडून वसूल करते.

देवयानीचे लग्नही निखळ प्रेमाचे नाही. कचाच्या नकाराने दुखावलेल्या तिला महाराणीपद हवे आहे आणि शर्मिष्ठेला दासी झालेले पाहण्याचे समाधानही. पहिल्याच रात्री मद्याच्या वासावरून पती-पत्नीत खटका उडतो. दैत्यांनी मारलेल्या कचाची राख मद्यातून पित्याच्या, शुक्राचार्यांच्या, पोटात गेली होती, तेव्हापासून देवयानीला मद्याचा तिटकारा आहे. ययातीला मात्र त्यात केवळ आपला अपमान दिसतो. ही फट पुढे रुंदावत जाते.

प्रतारणा : अशोकवनात ययाति आणि शर्मिष्ठा जवळ येतात आणि त्यांना पुरू होतो. मात्र या नात्याला कादंबरी सरसकट व्यभिचार ठरवत नाही. शर्मिष्ठेच्या प्रेमात समर्पण आहे, तर ययातीच्या प्रेमात आसरा शोधण्याची धडपड. शर्मिष्ठेला मुलासह परागंदा व्हावे लागते, तेव्हा राजा तिच्या मागे जात नाही. तो मद्य आणि स्त्रिया यांत बुडतो. म्हणजे त्याची खरी बेइमानी देवयानीपेक्षाही शर्मिष्ठेशी आहे. शुक्राचार्यांच्या शापाने म्हातारपण येते, तेव्हा तो तारुण्य मागतो तेही स्वतःच्या मुलाकडे. पुरू ते देतो. दासीपासून मुलापर्यंत प्रत्येक भोगाचे देणे दुसऱ्यानेच फेडायचे, हे या कादंबरीतील वैभवाचे खरे स्वरूप आहे. सत्ता आणि संपत्ती माणसाला स्वार्थी बनवतात एवढेच ती सांगत नाही. स्वार्थाची झळ स्वतःला लागू न देण्याची सोय त्या करून देतात, असे ती दाखवते.

मूल्यमापन : स्वातंत्र्योत्तर काळातील सुखलोलुप मध्यमवर्गीय माणसाचे प्रतिबिंब खांडेकरांनी ययातीत पाहिले. ‘जीवनासाठी कला’ या त्यांच्या भूमिकेशी ते सुसंगत होते. उपमांनी नटलेली, सुभाषितांकडे झुकणारी भाषा हे त्यांच्या लोकप्रियतेचे कारण, तशीच त्यांची मर्यादाही. कच हाडामांसाच्या माणसापेक्षा तत्त्वाचा प्रवक्ता वाटतो. देवयानीचा दुखावलेला अहंकार मात्र अधिक जिवंत उतरला आहे.

याच कथेवर गिरीश कार्नाड यांचे ‘ययाति’ (1961) हे कन्नड नाटक आहे. त्यात पुरूच्या पत्नीच्या, चित्रलेखेच्या, वाट्याला आलेली फरफट केंद्रस्थानी येते. वि. वा. शिरवाडकर यांचे ‘ययाति आणि देवयानी’ हे संगीत नाटक 1966 मधील आहे.

विदर्भाशी नाते : महाभारतात देवयानीचा मुलगा यदू पित्याचे म्हातारपण घेण्यास नकार देतो आणि राज्याला मुकतो. पुराणांच्या वंशावळीत या यदूच्याच कुळात ज्यामघाचा मुलगा विदर्भ येतो आणि त्याच्यावरून प्रदेशाचे नाव पडल्याचे मानले जाते.  याच प्रदेशातील, अमरावती जिल्ह्यातले वर्धाकाठचे कौंडिण्यपूर परंपरेने रुक्मिणीचे माहेर समजले जाते. सिंहासन पुरूकडे गेले. पण बापाच्या भोगाचे देणे फेडण्यास नकार देणाऱ्या मुलाचा वंश पुराणांनी या मातीशी जोडला.