मोरीच्या पाण्याचा इतिहास

राजघराण्यांच्या वंशावळी आम्हांस पाठ असतात. परंतु स्नानाचे पाणी मोरीतून पुढे कोठे गेले, असे कोणी पुसले तर आमची पंचाईत होते. म्हणून आज आम्ही दरबारात न जाता मिरजगावासारख्या गावाच्या परसात जाणार आहोत.

कर्जत तालुक्यातील हे गाव अहिल्यानगर–सोलापूर रस्त्यावर, सीनेच्या खोऱ्यात, अवर्षणाच्या पट्ट्यात वसले आहे. अशा मुलखात पाणी घागरीने मोजले जाई. डोक्यावरून आणलेले पाणी कोणी उधळीत नाही. न्हाणीचे पाणी केळीला, भांड्यांचे अळवाला, एवढ्यात हिशेब संपे. यात शहाणपण होतेच, पण टंचाई त्याहून अधिक होती. जुन्या गावाचे गोडवे गाण्याची आम्हांस हौस नाही. जे पाणी परसात जिरत नसे ते उताराने वाहत जाई, आणि महाराष्ट्रातील कितीतरी गावांत त्या उताराच्या टोकाशी ज्यांची वस्ती असे, त्यांना विचारण्याची गरज कोणास वाटत नसे.

पाणी जेथल्या तेथे जिरवावे, ही युक्ती मात्र फार जुनी. सर जॉन मार्शल यांनी १९१३ पासून तक्षशिला खणली, तेव्हा तेथील भीर टेकडीत घरोघरचे अरुंद, खोल शोषखड्डे उघडे पडले. काहींत बुडाला भोके पाडलेल्या घागरी एकीवर एक पालथ्या रचल्या होत्या.

कोकणचे आप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) यांनी या विषयातील खरा काटा ओळखला. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मागूनही मिळेना, म्हणून त्यांनी अन्न कमी केले. ते कळताच येरवड्यात गांधीजींनी त्यांच्यासाठी उपवास आरंभिला. पुढे कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात आप्पांनी मैल्याचे खत करणारे साधे संडास सिद्ध केले. घाण कशी नाहीशी करावी याबरोबरच ती कोणी उचलावी, हाही त्यांचा प्रश्न होता.

अलीकडे नांदेड जिल्ह्यात, हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने उघडी गटारे सोडून घरोघरी शोषखड्डे केले आणि डासांचा उपद्रव हटविला. २०१५–१६ च्या सुमारास रोजगार हमीतून ते काम जिल्हाभर पसरले. खड्डा सुमारे चार फूट लांब, रुंद व खोल. मध्ये वरच्या अंगास भोके असलेली टाकी, भोवती दगडगोटे. गाळ टाकीत बसतो, निवळ पाणी भोकांतून दगडांत उतरते, आणि दगडांवरचे व मातीतले सूक्ष्म जीव त्यातील घाण खाऊन टाकतात. तक्षशिलेची भोके पाडलेली घागरच ही, असे म्हणण्याचा मोह आम्हांस होतो! डासास अंडी घालण्यापुरतेही साचलेले पाणी बाहेर उरत नाही.

मात्र ही युक्ती सर्वत्र सारखी लागू पडत नाही. मुरमात पाणी भराभर जिरते. चिकण काळ्या मातीत तुंबते. पिण्याची विहीर लगत असेल तर तेथे खड्डा घेऊ नये. संडासाचे पाणी तर यात सोडूच नये. त्याची व्यवस्था निराळी.

२०१९ साली जलजीवन योजना सुरू झाली, तीत माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. पाच माणसांच्या घरात २७५ लिटर आले, तर सुमारे चार पंचमांश, म्हणजे २२० लिटर, मोरीतून बाहेर पडणार. एवढे पाणी परसातल्या अळवाच्या चार गड्ड्यांना पिववणार नाही. नळाची तोटी बसविताना समारंभ होतो. मोरीच्या तोंडाशी नारळ फोडलेला आम्ही तरी पाहिला नाही.

शिवाय टाकीतील गाळ अधूनमधून काढावा लागतो. शोषखड्डा घरचा, म्हणून तो घरच्याच माणसाने काढावयाचा असतो. गावच्या मोठ्या गटाराचे तसे नाही; ते उपसावयास आजही पुष्कळ ठिकाणी तीच ठराविक माणसे बोलावली जातात.