हळकुंडाची धुरी आणि वाफारा

चोंदलेले नाक आणि भरलेले कपाळ यांवर मराठवाड्यात जुना घरगुती उपाय हळकुंडाचा. हिंगोली जिल्ह्यातील वसमत ही तर हळदीची मोठी बाजारपेठ. हळकुंड निखाऱ्यावर धरून त्याचा धूर नाकाने ओढत. त्यासोबत ओव्याची गरम पुरचुंडी हुंगणे आणि कपाळावर सुंठेचा लेप लावणे हेही चाले.

या उपायांमागे ग्रंथपरंपराही आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात प्रतिश्यायाची, म्हणजे पडशाची, चिकित्सा येते. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सूत्रस्थानाचा 20 वा अध्याय नस्यावर, म्हणजे नाकातून औषध देण्यावर, तर 21 वा धूमपानावर, म्हणजे औषधी धूर ओढण्यावर आहे. निलगिरी मात्र पुढे ऑस्ट्रेलियातून आली आणि वाफाऱ्याच्या पाण्यात तिच्या तेलाचे थेंब पडू लागले.

आज या उपायांकडे आदराने, पण पारखून पाहायला हवे. धूर नाकाच्या सुजलेल्या अस्तराला आणखी चिडवतो. दमेकऱ्यांनी आणि मुलांनी तो टाळलेलाच बरा. वाफेने थोडा वेळ मोकळे वाटते, पण उकळते पातेले सांडून लहान मुले भाजतात. त्यापेक्षा उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुणे, म्हणजे हठयोगातील जलनेतीचाच प्रकार, अधिक भरवशाचे. सायनसचा त्रास बहुतेकदा आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप उतरतो. डोळ्याभोवती सूज, तीव्र डोकेदुखी किंवा न हटणारा ताप असल्यास डॉक्टरांकडे जाणे आवश्यक असते.