जिंकूनही तळाला

भारत-पाक सामना आला की आमच्या निष्ठेची चौकशी करणारे भेटतातच. त्यांना मी ८ जून १९९९चा स्कोअरबोर्ड सांगतो. विश्वचषक, मँचेस्टर. इकडे कारगिलमध्ये लढाई चालू. भारत ४७ धावांनी जिंकला. प्रसादचे ५ बळी सगळ्यांना आठवतात. कर्णधार अझरुद्दीनच्या ५९ धावा आठवून द्याव्या लागतात.

तरी फायनलला गेला पाकिस्तान, आणि सुपर सिक्समध्ये तळाला राहिला भारत!

घोळ नियमात होता. गटातून पुढे आलेल्या संघांच्या आपसातल्या सामन्यांचेच गुण सोबत येत. भारत नेमका दक्षिण आफ्रिका आणि झिम्बाब्वेकडून हरलेला. झिम्बाब्वेकडून तर अवघ्या ३ धावांनी, आणि त्या सामन्यात वडिलांच्या निधनामुळे सचिन नव्हता. म्हणून सुरुवात शून्यावर. पाकिस्तानलाही बांगलादेशनं हरवलं होतं, पण बांगलादेश पुढे आलाच नाही, त्यामुळे तो पराभव हिशेबातच नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला हरवल्याचे ४ गुण मात्र शाबूत.

२० जूनला लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियानं त्यांना १३२ धावांत गुंडाळलं आणि सामना ८ गडी राखून जिंकला.