बालचित्र समिती (चिल्ड्रन्स फिल्म सोसायटी, इंडिया)

मुलांसाठी चित्रपट निर्माण करणे, ते निरनिराळ्या भारतीय भाषांत उपलब्ध करून देणे आणि त्यांचे महोत्सव भरविणे या हेतूंनी केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्रालयाच्या अखत्यारीतील ही संस्था १९५५ साली स्थापन झाली. तिच्यामागे जवाहरलाल नेहरूंची प्रेरणा असल्याचे सामान्यतः मानले जाते. हृदयनाथ कुंझरू हे पहिले अध्यक्ष होत. मुख्यालय मुंबईत होते. केदार शर्मा दिग्दर्शित ‘जलदीप’ (१९५६) या पहिल्याच निर्मितीला व्हेनिस येथे १९५७ साली बालचित्रपटाचे पारितोषिक मिळाले.

संस्थेचा सर्वांत कसदार काळ १९७० नंतरच्या दशकात येतो, कारण प्रौढांसाठी नवा चित्रपट घडविणारेच दिग्दर्शक त्या वेळी मुलांकडे वळले. श्याम बेनेगल यांनी हबीब तन्वीर यांच्या नाटकमंडळीतील छत्तीसगढी लोककलावंतांना घेऊन ‘चरणदास चोर’ (१९७५) केला. खरे बोलण्याचे व्रत घेतलेल्या चोराच्या या लोककथेत स्मिता पाटील यांची आरंभीची भूमिका पाहावयास मिळते. सई परांजपे यांनी ‘जादू का शंख’ (१९७४) व ‘सिकंदर’ (१९७६) दिग्दर्शित केले आणि पुढे संस्थेचे अध्यक्षपदही भूषविले. मुलाला उपदेशाचा श्रोता न मानता स्वतःची बुद्धी असलेला प्रेक्षक मानणे, हे या चित्रपटांचे वैशिष्ट्य होय. संतोष सिवन यांचा ‘हॅलो’ आणि राजन खोसा यांचा ‘गट्टू’ ही त्यानंतरची उल्लेखनीय नावे होत.

आंतरराष्ट्रीय बालवर्षाच्या निमित्ताने १९७९ साली मुंबईत सुरू झालेला आंतरराष्ट्रीय बालचित्रपट महोत्सव दर दोन वर्षांनी निरनिराळ्या शहरांत भरे, व पुढे हैदराबाद हे त्याचे कायमचे ठिकाण झाले. त्यातील सर्वोच्च पारितोषिकास ‘सुवर्ण हत्ती’ म्हणत. प्रौढ परीक्षकांबरोबर मुलांचे स्वतंत्र परीक्षक मंडळ नेमण्याची पद्धत हा त्याचा मोलाचा भाग होता. मुलांनी स्वतः बनविलेल्या लघुपटांसाठी ‘लिटल डायरेक्टर्स’ हा विभागही पुढे ठेवण्यात आला.

केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार समितीचे काम राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे गेले.

संस्थेची निर्मिती गुणवत्तेत कमी पडली नाही, पण नियमित चित्रपटगृहांची वाट तिच्या चित्रपटांना क्वचितच मिळाली आणि शाळांतील व महोत्सवांतील खेळांवरच त्यांना मुख्यतः विसंबावे लागले; त्यामुळे ज्या मुलांसाठी ते काढले गेले, त्यांतील बहुसंख्यांपर्यंत ते पोहोचले नाहीत.