दाबाची मोजदाद

मूळव्याधीचा उच्चार चारचौघांत करू नये, हा संकेत मराठी मध्यमवर्गाने सातासमुद्रापलीकडेही इतक्या निष्ठेने सांभाळला आहे की, या व्याधीचा आणि व्यायामाचा संबंध कोणी, कोठे व कसा ओळखला याची कैफियत एकत्र मांडण्याच्या भरीस फारसे कोणी पडलेले दिसत नाही. आणि म्हणूनच ऑन्टारियो सरोवराच्या काठी वसलेल्या मिसिसागा शहरातील एखादा मराठी गृहस्थ, डॉक्टरांनी 'जरा व्यायाम करीत जा' असे सांगितल्यावर, कोणता व्यायाम आणि किती, अशा ज्या संभ्रमात पडतो, तो संभ्रम किती पुरातन आहे हे त्याच्या गावीही नसते.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील चौदावा अध्याय अर्शावर, म्हणजे मूळव्याधीवर आहे, आणि त्यातील कारणांची जंत्री वाचताना ग्रंथकाराच्या निःपक्षपातीपणाचे कौतुक वाटते. उकिडवे बसणे, कठीण व विषम आसन, उंटाची सवारी, सतत कुंथणे, आलेला वेग दाबून धरणे, हे सारे जसे त्याने दोषी ठरवले, तसेच व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप आणि मऊ गादीवरचे सुखासन यांनाही त्याने सोडलेले नाही. उंट तेवढा वगळला तर ही जंत्री मिसिसागास आजही लागू पडेल. १९६८ साली जुन्या टोरोंटो टाउनशिपमधून जन्मास आलेले आणि १९७४ साली पोर्ट क्रेडिट व स्ट्रीट्सव्हिल यांस सामावून घेऊन शहराच्या दर्जास पोहोचलेले हे गाव मुळी मोटारीच्या आधारानेच वाढले, आणि १९६७ साली कॅनडा सरकारने स्थलांतरितांची निवड गुणांकांवर करण्याचा शिरस्ता घातल्यानंतर जी सुशिक्षित मराठी कुटुंबे इकडे येऊ लागली, त्यांच्या वाट्यास बहुधा खुर्चीचीच कामे आली. सुश्रुताने तर व्यायामाची मर्यादाही आखून दिली होती : अर्ध्या बळाने करावा, आणि छातीतला वायू तोंडाशी येऊ लागला की थांबावे.

आमच्या तालमींनी ही मर्यादा कधी फारशी मनावर घेतली नाही. वस्तादांच्या नजरेखाली जोर-बैठकांची मोजणी शेकड्यांनी व्हायची आणि आकडा हीच पैलवानाची अब्रू. मग दुखणे लपवून, श्वास कोंडून, दात-ओठ खाऊन तो आकडा पुरा करणारे किती असतील याचा दाखला कोणत्या दप्तरात सापडणार?

याच पठडीतून, बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली, जगन्नाथ गणेश गुणे नावाचा एक तरुण तयार झाला. पुढे माळसरच्या परमहंस माधवदासजींकडे योगविद्या शिकून तोच स्वामी कुवलयानंद म्हणून प्रसिद्धीस आला. १९२०-२१च्या सुमारास बडोद्याच्या सरकारी इस्पितळात उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रियांच्या शास्त्रीय परीक्षणास त्यांनी हात घातला, आणि १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढल्यावर नौली चालू असताना मोठ्या आतड्यात काय घडते ते दाबमापक लावून मोजले. आतला दाब बाहेरील हवेच्या दाबापेक्षा खाली उतरतो असे त्यांस आढळले, आणि त्या निर्वात स्थितीस त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले. ज्या समाजात या अवयवांचे नाव काढणेदेखील अशिष्ट, त्या समाजातील एका स्वामीने तेथला दाब मोजून राजरोस छापावा, याचे मला आजही नवल वाटते. त्यांचा रोख मूळव्याधीवर नव्हता, आणि अंगावर दुखणे असताना कोणी पुस्तक वाचून नौली करू जावे असेही नाही; पण पोटातला दाब व्यायामाच्या प्रकाराप्रमाणे चढतो किंवा उतरतो, हा जो या प्रश्नाचा गाभा, त्यास त्यांनी हात घातला होता खरा.

गाभा तोच, कारण १९७५ साली थॉमसन नामक शल्यविशारदाने दाखवून दिल्याप्रमाणे गुदमार्गातील रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या निरोगी माणसासही असतात. त्यांचा आधार सैल पडून त्या खाली सरकल्या आणि सुजल्या की त्याचेच नाव मूळव्याध, आणि वरून पडणारा वारंवारचा जोर त्या सरकण्यास हातभार लावतो. तो जोर श्वास कोंडण्याने किती वाढतो? येथे इतिहास मिसिसागाच्या अगदी शेजारी येतो. क्वीन एलिझाबेथ महामार्गाने तासाभराच्या आत गाठता येणाऱ्या हॅमिल्टन शहरातील मॅकमास्टर विद्यापीठात मॅकडूगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वजने उचलणाऱ्या शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी घालून रक्तदाब मोजला, आणि १९८५ साली तो प्रसिद्ध केला : दोन्ही पायांनी भार रेटताना सरासरी ३२०/२५०, आणि एकाच्या बाबतीत तर ४८०/३५०च्याही वर. हा दाब धमनीतला, आतड्यातला नव्हे, हे खरे. परंतु श्वास कोंडून जोर लावताना छाती-पोटात जो दाब साठतो, त्याचा वाटा त्यात आहे असे त्या संशोधकांचे अनुमान होते. कोंडलेल्या श्वासाच्या या क्रियेस वैद्यक व्हाल्साल्वा या इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखते. १७०४ सालच्या ग्रंथात त्याने ती सांगितली ती कानासाठी!

आता व्यवहारात काय निघते ते थोडके आहे. चालणे आणि पोहणे निर्धोक. वजन हलके घ्यावे आणि उचलताना श्वास सोडावा. दुखणे बळावलेले असता खोल बैठका, जड भार आणि सायकलच्या कडक खोगिरावरची लांब मजल टाळावी. रबराच्या कड्याने कोंब बांधून घेतला असेल तर डॉक्टर परवानगी देईपर्यंत वजनांस हात लावू नये. चालण्याची सोय येथे आहे. हिवाळ्यात पदपथ बर्फाने निसरडे झाले की १९७३ साली उघडलेल्या स्क्वेअर वन या विक्रीसंकुलाच्या लांबलचक दालनांतून पायी फेऱ्या मारता येतात. त्याच साली कॅनडाच्या 'पार्टिसिपॅक्शन' या व्यायामप्रसाराच्या मोहिमेने तीस वर्षांच्या कॅनेडियनाची प्रकृती साठीच्या स्वीडिश माणसाइतकीच असल्याचे दूरचित्रवाणीवर सांगून देशास खजील केले होते; पण चालण्यासाठी, ओशाळे करणाऱ्या जाहिरातीपेक्षा, छपराखालची सपाट फरशी अधिक उपयोगी, असे मला वाटते.

रक्त दिसले तर मात्र 'मूळव्याधच असेल' म्हणून गप्प बसण्याचा जुना रिवाज घातक ठरतो, कारण तेच लक्षण आतड्याच्या कर्करोगाचेही असू शकते. ऑन्टारियो सरकारच्या तपासणी कार्यक्रमात ५० ते ७४ वयाच्या रहिवाशांस, डॉक्टरांनी मागणी नोंदवल्यावर, मलपरीक्षेचा संच घरपोच मिळतो, पण तो लक्षणे नसलेल्यांसाठी. ज्यास रक्त दिसले त्याने संचाची वाट न पाहता थेट डॉक्टरांकडे जावे.